कोडी : खिशातल्या फोनपासून टीव्हीपर्यंत

▪ जन्म : चित्रपट, गाणी, फोटो चालवणारे हे सॉफ्टवेअर, २००२, एक्सबॉक्स या गेमयंत्रासाठी. पुढे नाव एक्सबीएमसी, २०१४पासून कोडी.

▪ अँड्रॉइडवर : २०१३च्या १२व्या आवृत्तीपासून. फोन, टॅबलेट, सेट-टॉप बॉक्स सगळीकडे चालते.

▪ रास्पबेरी पाय : लिब्रेएलेक ही कोडीसाठीच बेतलेली लिनक्स प्रणाली मेमरी कार्डावर टाकली, की हा तळहाताएवढा संगणक-बोर्ड टीव्हीला जोडून घरचे चित्रपटगृह तयार.

▪ व्हिडिओ अडखळू नये म्हणून : बॉक्सच्या चिपमध्ये एचईव्हीसी (व्हिडिओ आकुंचित करण्याची पद्धत) उलगडण्याची सोय आहे का, ते खरेदीआधीच पाहा.

▪ मोल : मोफत, मुक्तस्रोत, स्वयंसेवकांच्या कष्टावर उभे.

▪ ध्यानात ठेवा : कोडीसोबत एकही चित्रपट येत नाही; गाणी, फोटो, चित्रफिती आपल्याच. ‘सगळे चॅनेल फुकट’ सांगून विकले जाणारे बॉक्स घेऊ नका. त्यांत भरलेली, चोरीचे चॅनेल दाखवणारी जोड-सॉफ्टवेअर कोडीची नसतात.