खेळाचा तास हाही अभ्यासाचाच तास

शाळेच्या वेळापत्रकात एक तास मोठा गरीब असतो. परीक्षा जवळ आली, गणिताचा एखादा धडा मागे पडला, स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली, की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. हा तास म्हणजे शारीरिक शिक्षणाचा, तुमच्या भाषेत पी.टी.चा तास. खेळ म्हणजे अभ्यासातून मिळालेली सुटी, असे पुष्कळांना वाटते. म्हणून तो तास गेला, तर फारसे काही बिघडले असे कोणी मानत नाही. खरोखरच काही बिघडत नाही का? चला, शरीरालाच विचारून पाहू.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. सायकल जितकी चालवाल तितकी तिची साखळी झिजते, टायर गुळगुळीत होतात. यंत्र वापराने झिजते. आपले शरीर मात्र योग्य प्रमाणात वापरले, तर वापराने घडते! जो अवयव कामाला लागतो, तो त्या कामासाठी स्वतःला अधिक मजबूत करून घेतो. जो रिकामा बसतो, तो दुबळा होत जातो. शरीर आणि यंत्र यांत हा मोठाच फरक आहे. याची तीन उदाहरणे पाहू : हृदय, हाडे आणि डोळे.

हृदयाची परीक्षा

त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. सेकंदकाटा असलेले घड्याळ, कागद आणि पेन्सिल घ्या. पाच मिनिटे स्वस्थ बसा. मग एका हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटे हलकेच टेकवा. अंगठा वापरू नका, कारण अंगठ्यातही ठोके जाणवतात आणि मोजणीत घोटाळा होतो. तीस सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा आणि त्या संख्येची दुप्पट करा. ही तुमची स्वस्थ नाडी. दहा-अकरा वर्षांच्या मुलांत ती बहुधा ७० ते १०० च्या दरम्यान असते.

आता एक मिनिटभर दोरीवरच्या उड्या मारा आणि लगेच नाडी मोजा. आकडा एकदम वर गेलेला दिसेल. पुढे दर मिनिटाला मोजत राहा आणि नाडी पुन्हा मूळ आकड्याजवळ यायला किती मिनिटे लागतात ते लिहून ठेवा.

ठोके का वाढले? पळताना, उड्या मारताना पायांचे स्नायू भराभर काम करतात. त्यांना जास्त प्राणवायू हवा असतो आणि तो रक्तच पोहोचवते. प्रौढ माणसाचे हृदय स्वस्थ असताना मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. जोरात पळताना हेच प्रमाण २० लिटरवर जाते, म्हणजे दर मिनिटाला जवळजवळ एक घागर! लहान मुलांचे हृदय लहान असल्यामुळे त्यांचे आकडे कमी असतात. पण वाढ होते ती अशीच.

हृदय हाही एक स्नायूच आहे. त्याला रोज असे काम मिळाले, की ते बळकट होते आणि एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. मग स्वस्थ असताना थोड्या ठोक्यांत त्याचे काम भागते. लांब पल्ल्याच्या शर्यती धावणाऱ्या कसलेल्या धावपटूंची स्वस्थ नाडी मिनिटाला ४० ते ५० इतकी कमी असू शकते.

दुमजली बसमधला शोध

हृदयाला काम मिळाले नाही, तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या दुमजली बसगाड्यांत सापडले. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बसचालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघे एकाच गाडीत काम करणारे. पण चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत दिवसभर जिना चढत-उतरत असे. १९५३ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले : वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी होता.

पण शास्त्रज्ञ एवढ्यावर थांबत नाहीत. 'मुळातच जाडी माणसे चालक होत असतील तर?' ही शंका मॉरिस यांनी स्वतःच तपासली. त्यासाठी त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे पाहिली! तरुण चालकांचीही कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे शंकेत तथ्य होते. पण इतर व्यवसायांतील माणसांचाही अभ्यास झाला होता. हिंडून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसून काम करणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. पुढे अनेक देशांत झालेल्या अभ्यासांनी या गोष्टीला बळकटी दिली. हालचाल हृदयाचे रक्षण करते, हे आज सर्वमान्य आहे.

हाडांची बचत-पेढी

हाड म्हणजे निर्जीव दांडके नव्हे. त्यात जुने हाड फोडणाऱ्या आणि नवे बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी सतत कामात असतात. ज्या हाडावर भार पडतो, तेथे बांधकाम जास्त होते. हाड आपल्यावरील भाराप्रमाणे आपली घडण बदलते, हे तत्त्व जर्मन शल्यवैद्य यूलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते. उलट अंतराळात शरीराचा भार जाणवत नाही, म्हणून तेथे महिनोन् महिने राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातील खनिजे दरमहा सुमारे एक टक्का घटतात. हे टाळण्यासाठी त्यांना तेथे रोज सुमारे दोन तास व्यायामासाठी राखून ठेवावे लागतात.

आता आपल्या लंगडीकडे पाहा. एका पायावर उडी मारून खाली टेकताना सगळ्या शरीराचा भार त्या एका पायावर आदळतो. त्या हाडाला जणू निरोप जातो, 'अधिक बांधा!' दोरीवरच्या उड्या, आट्यापाट्या, खो-खो यांतही हेच घडते. खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ गड्यांपैकी आठ जण बसलेले असतात खरे. पण खो मिळताच उसळी मारून उठणे आणि पळता पळता एकदम वळणे, हा पायांच्या हाडांना आणि स्नायूंना उत्तम व्यायाम आहे.

ही बचत वेळेवरच करावी लागते. माणसाच्या हाडांचा साठा विशीपर्यंत जवळजवळ नव्वद टक्के भरलेला असतो. पुढे उतारवयात त्यातूनच खर्च होत राहतो. साठा तुटपुंजा असेल, तर साध्या पडण्यानेही हाड मोडते. तुमच्या आजीच्या वयाला जे हाड उपयोगी पडायचे, ते तुमच्या वयात बांधले जाते. त्या बांधकामाला दूध, नाचणी, डाळी यांसारखे अन्न लागते, ऊन लागते आणि उड्याही लागतात.

डोळ्यांना उजेड हवा

खेळाचा आणि चष्म्याचा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. चीनमधील ग्वांगजौ शहरातील बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला गेला. उरलेल्या सहा शाळांत नेहमीचेच वेळापत्रक राहिले. तीन वर्षांनंतरचे आकडे २०१५ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या शाळांत शंभरांतील सुमारे चाळीस मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते, तर जादा तास मिळालेल्या शाळांत सुमारे तीस मुलांना.

वर्गातल्यापेक्षा बाहेरचा उजेड कितीतरी पट प्रखर असतो. या उजेडामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचे द्रव्य अधिक निर्माण होते आणि ते डोळ्याचा गोल गरजेपेक्षा लांबट होऊ देत नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. यासाठी सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका. त्याने डोळ्याला कायमची इजा होते. सकाळ-संध्याकाळ मैदानावर असणे पुरेसे आहे.

किती आणि कसे?

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस त्यात हाडे व स्नायू बळकट करणारे खेळ असावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुचवले आहे. ही साठ मिनिटे सलगच हवीत असे नाही. पायी शाळेत जाणे, मधल्या सुटीतली पकडापकडी, संध्याकाळचा विटीदांडू, हे सारे बेरजेत धरा. सुरुवातीला हलके धावून अंग मोकळे करा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. दमा किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर डॉक्टरांना विचारून खेळ निवडा.

एक सूचना खेळप्रमुखांसाठी. ज्या खेळात बाद झालेला गडी बाहेर बसतो, त्यात सर्वांत हळू पळणारा सर्वांत आधी बाहेर जातो. म्हणजे ज्याला पळण्याची गरज जास्त, तोच बसून राहतो! तेव्हा नियम थोडा बदला : बाद झालेल्याने मैदानाला एक फेरी मारावी आणि पुन्हा खेळात यावे. पी.टी.चा तास शर्यत जिंकणाऱ्यांइतकाच शेवटी येणाऱ्यांचाही आहे.

नाडीचा प्रयोग आज करा आणि दोन महिने रोज खेळल्यानंतर पुन्हा करा. नाडी मूळ आकड्यावर यायला आता किती मिनिटे लागतात ते ताडून पाहा. आणि एक हिशेबही मांडा. रोज ६० मिनिटे, म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटे. समजा, तुमच्या वर्गाला ३५ मिनिटांचे दोन तास खेळाला मिळतात. ते झाले ७०. म्हणजे गरजेचा केवळ सहावा हिस्सा! तोही पुढच्या आठवड्यात गणिताला गेला, तर हेच गणित फळ्यावर मांडून गुरुजींना किंवा बाईंना दाखवा.