हरलेल्या सम्राटाचा चेहरा

लांबून पाहिले तर ते नेपोलियनचे नेहमीचेच चित्र वाटते. एका बाजूने दिसणारा चेहरा, डोक्यावर टोपी, अंगात लष्करी कोट. जवळ गेल्यावर मात्र गालाच्या जागी माणसे दिसू लागतात. ती उघडी, एकमेकांवर रचलेली प्रेते आहेत. कपाळ, नाक, हनुवटी सगळे त्यांचेच बनलेले. टोपी म्हणजे पंजे रोवून बसलेला प्रशियाचा गरुड. गळपट्टी म्हणजे रक्ताचा ओघ. कोटावर नकाशा काढलेला आणि त्यावर हरलेल्या लढायांची गावे. खांद्यावरच्या लष्करी झुपक्याच्या जागी एक हात, तर सन्मानचिन्हाच्या जागी जाळ्यात बसलेला कोळी.

बर्लिनच्या हेन्शेल बंधूंनी १८१३ सरून १८१४ उजाडताना हे चित्र बाजारात आणले. ऑक्टोबरमध्ये लाइपत्सिशला चार दिवस लढून नेपोलियन हरला होता आणि जर्मन मुलुख मोकळा होत होता. चित्राच्या नकला युरोपभर निघाल्या. लंडनमध्ये रूडॉल्फ आकरमान याने खाली सविस्तर खुलासा छापून ते विकले. नेपोलियनवरच्या व्यंगचित्रांच्या प्रचंड ढिगाऱ्यात हे एक चित्र वेगळे उठून दिसते, कारण ते त्याला वेडावत बसत नाही, त्याच्याकडे माणसांचा हिशोब मागते.

बाकीचा ढिगारा प्रामुख्याने लंडनचा. तिथे हा चांगला चालणारा धंदा होता. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने उलटे चित्र कोरायचे, मग पत्रा आम्लात बुडवायचा. सुईने जिथे मेण खरवडले तिथेच आम्ल तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप उठवायचा आणि हाताने रंग भरायचे. बातमी आली की थोड्याच दिवसांत तिचे चित्र दुकानाच्या काचेत लागे आणि रस्त्यावर गर्दी जमे. विकत घेणे न परवडणाऱ्यांना हे फुकटचे प्रदर्शनच होते. काही दुकानदार तर चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळपुरते भाड्याने देत.

या धंद्याचा राजा जेम्स गिलरे. सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्री या बाईंचे दुकान होते. तो त्यांच्याच घरात राही आणि त्यांच्यासाठीच चित्रे कोरी. हातपाय आपटणारा, सामान फेकणारा, बुटांत हरवलेला ‘लिटल बोनी’ लोकांच्या मनात ठसवला तो त्याने. खरा नेपोलियन सुमारे १६८ सेंटिमीटर उंच, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसांत ठेंगणा मुळीच नव्हता. तरी दोनशे वर्षांनंतरही जग त्याला बुटका समजते. एका माणसाच्या सुईने इतिहासाच्या पुस्तकांवर केलेली ही मात आहे.

नेपोलियनला इंग्लंडमधून होणारी ही टवाळी झोंबत असे. इंग्लंड-फ्रान्स तहाच्या काळात, १८०२ साली, त्याने इंग्रज सरकारकडे वृत्तपत्रांना आवर घालण्याची मागणी लावून धरली. लंडनमध्ये राहणारा फ्रेंच पत्रकार पेल्तिए याच्यावर बदनामीचा खटला भरला गेला. त्याचे वकीलपत्र जेम्स मॅकिंटॉश यांनी घेतले. १८०३ मध्ये पेल्तिए दोषी ठरला, पण पुन्हा युद्ध पेटल्याने त्याला शिक्षा सुनावली गेलीच नाही. हेच मॅकिंटॉश पुढे रेकॉर्डर म्हणजे न्यायाधीश होऊन मुंबईत आले आणि १८०४ मध्ये त्यांनी लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली. टाउन हॉलमधली आजची एशियाटिक सोसायटी तिचीच वारस.

सम्राट कोसळला तेव्हा गिलरेची सुई थांबलेली होती. १८१० च्या सुमारास त्याचे मन ढळले आणि १ जून १८१५ रोजी, वॉटर्लूच्या लढाईच्या अवघे सतरा दिवस आधी, तो वारला. पराभवाची चित्रे काढली ती लंडनचेच चित्रकार रोलंडसन आणि तरुण जॉर्ज क्रूकशँक यांनी. लाइपत्सिशनंतर रोलंडसनने ढोलावर बसलेला नेपोलियन आणि त्याच्यासमोर तोफेवर बसलेला मृत्यू असे एकमेकांकडे टक लावून पाहणारे दोन राजे काढले. स्ट्रँडवरच्या आकरमानच्या दुकानात हे चित्र मागून दिवे लावून झळकवले गेले. त्यात भीतीही आहे आणि तोलही.

१८१४ च्या वसंतात मात्र तोल सुटला. क्रूकशँकच्या एका चित्रात कोसॅक शिपाई मेणबत्ती विझवावी तसा नेपोलियनला विझवतो. दुसऱ्यात हद्दपार झालेला नेपोलियन एल्बा बेटावर शौचपात्रावर बसला आहे. सैतान त्याला पिस्तूल देऊ करतो आणि तो म्हणतो, चकमक काढून टाकशील तर घेतो. रेखाटन झकास, पण पडलेल्याला लाथ मारायला धैर्य लागत नाही. रशियातल्या तेरेबेन्येवच्या चित्रांना, ज्यांच्या नकला खुद्द क्रूकशँकने केल्या, त्या मानाने अधिक वजन आहे, कारण ती जळालेल्या मॉस्कोच्या देशात निघाली. जर्मनीतही जिन्याचे एक चित्र गाजले: कॉर्सिकाचा पोरगा पायऱ्या चढत माथ्यावर जातो आणि स्पेन, मॉस्को, जर्मनी अशा पायऱ्यांनी पलीकडे उतरतो.

एल्बाहून परतलेला नेपोलियन वॉटर्लूला पुन्हा हरल्यावर ऑगस्ट १८१५ मध्ये क्रूकशँकने त्याला सेंट हेलेना या नव्या हद्दपारीच्या बेटावर काढला. तो सैतान होऊन सूर्याला दूषणे देतो आणि सूर्यात चेहरा आहे इंग्लंडच्या प्रिन्स रीजंटचा, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या युवराजाचा. पुढे गिऱ्हाइकाला ‘बोनी’ हवासा राहिला नाही आणि क्रूकशँकची सुई त्याच सूर्याकडे वळली. रीजंट राजा झाला. राजाला अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही, या कबुलीवर जून १८२० मध्ये क्रूकशँकने दरबाराकडून शंभर पौंड घेतले. ऑगस्टमध्ये प्रकाशक विल्यम होन याने राजाराणीच्या विस्कटलेल्या संसारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी शिडी छापली. तिच्यातली चित्रे क्रूकशँकचीच होती.