घाटघरच्या माथ्यावर समुद्राचं संग्रहालय

घाटघरहून समुद्र दिसत नाही, तरी सागरी व्यापाराचा इतिहास समजून घ्यायला घाटघरजवळच्या नाणेघाटासारखी जागा नाही. सोपारा-कल्याण बंदरांत उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला चढायचा. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस'मध्ये, पहिल्या शतकातल्या त्या खलाशी-मार्गदर्शकात, दोन्ही बंदरांची नावं आहेत. जुन्नरच्या लेण्यांत तर इरिल नावाच्या यवनाने (म्हणजे ग्रीक किंवा परदेशी माणसाने) दिलेल्या पाण्याच्या दोन टाक्यांचा लेखच आहे!

मोठा ऐवज म्हणजे घाटातल्या गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. यज्ञ, दान दिलेल्या गाई, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांसकट. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही इथलीच. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या प्रतिमा होत्या. आज वर नावं उरलीत आणि खाली पावलं. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं सांगतात. (फोटो मात्र सगळे त्याचाच काढतात.)

इथे माहिती सांगणारा कुणी नसतो. म्हणून इतिहासप्रेमींनो, स्वयंसेवक व्हायचंय तर इथे या. पावसाळी शनिवार-रविवारी गर्दी उसळते. प्लास्टिक उचला, लोकांना लेख समजावून सांगा, आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरणाऱ्याला आधी थांबवा. हे संरक्षित स्मारक आहे. घासायची-धुवायची हौस घरच्या भांड्यांवर भागवा.