कुंपण ओलांडलेली फुलं

परकी मुळं : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात गाजरगवताची गोष्ट झाली. ते धान्याच्या पोत्यांतून न सांगता आलं, १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस पडलं आणि बघता बघता देशभर झालं. त्याला शिव्या घालणं सोपं आहे, कारण त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. आज ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांचं तसं नाही. त्यांना आपण हौसेने आणलं, वाफ्यात बसवलं, पाणी घातलं, पाहुण्यांना दाखवलं. मग एक दिवस ती कुंपणाबाहेर गेली आणि आता ती रानातली आहेत की बागेतली, हे सांगणं अवघड होऊन बसलंय.

सप्टेंबर संपत आला की पुण्याच्या टेकड्यांवर, सिंहगडच्या वाटेवर, महामार्गांच्या उघड्या कडांवर नारिंगी-पिवळ्या फुलांचे पट्टेच्या पट्टे पेटतात. रविवारी सकाळी तिथे फोटो काढणाऱ्यांची रीघ लागते. ‘सह्याद्रीचं सौंदर्य’ असं लिहून ते फोटो गावभर फिरतात. पण हे फूल सह्याद्रीचं नाही. हा कॉसमॉस, शास्त्रीय नाव कॉसमॉस सल्फ्युरियस, मूळचा मेक्सिकोचा. माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानात मेक्सिकोहून आलेल्या बियांपासून रोपं वाढवली गेली आणि तिथल्या आंतोनियो कावानियेस या पाद्री-वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणजे शास्त्राच्या वहीत या फुलाची नोंदच मुळी बागेतून झाली. पुढे बियाण्याच्या पाकिटांतून ते जगभर गेलं. बंगल्यांच्या आवारात, शाळांच्या वाफ्यांत, रस्त्याच्या दुभाजकांवर बी टाकलं की पन्नास-साठ दिवसांत फुलतं, म्हणून माळ्यांचं लाडकं.

त्याचं सुकलेलं बोंड एकदा हातात घेऊन बघा. फुलाला साधारण आठ पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. पाकळ्या गळाल्या की मध्ये बारीक, काळपट, किंचित वाकड्या बियांची चांदणी उघडते. प्रत्येक बीचा वरचा भाग चोचीसारखा लांब आणि चोचीच्या टोकाला दोन कुसं, त्यांवर उलटे काटे. पँटच्या पायाला, कुत्र्याच्या केसांना, शेळीच्या अंगाला ते अडकतं आणि पुढच्या वळणावर गळून पडतं. फोटोसाठी त्या ताटव्यात शिरणारी माणसंच पुढच्या वर्षीची पेरणी करून येतात!

हे सगळं दिसायला छान असताना बिघडलं कुठे? टेकडीचा तो उतार रिकामा नव्हता. तिथे पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवतं होती आणि त्यांच्या अधूनमधून तेरडा, कवला, कुर्डू, सोनकी. पावसाळ्याच्या सुरुवातीला कॉसमॉसची रोपं दाटीने उठतात, भराभर कमरेइतकी होतात आणि खालच्या बुटक्या रोपांचं ऊन अडवतात. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. शेजारचं गवत मात्र चरतात किंवा दिवाळीनंतर कापलं जातं. म्हणजे स्पर्धेतला एक गडी रोज चावला जातो आणि दुसऱ्याला कोणी हात लावत नाही. डिसेंबरात कॉसमॉस वाळून काड्या उरतात. तेव्हा फोटो काढायला कोणी येत नाही, आणि चाऱ्याच्या हिशेबात तो उतार त्या वर्षापुरता बुडीत खाती गेलेला असतो.

आता याच कॉसमॉसच्या शेजारी झेंडू ठेवून पाहा. तोही मेक्सिकोचा, त्याच सूर्यफुलाच्या कुळातला आणि त्याच मोसमात फुलणारा. दसऱ्या-दिवाळीला राज्यात किती टन झेंडू विकला जातो आणि सुकल्यावर निर्माल्य म्हणून ओढ्या-नाल्यांच्या काठी किती टाकला जातो, याला गणती नाही. संधीच मोजायची तर झेंडूने आतापर्यंत अख्खा महाराष्ट्र व्यापायला हवा होता. प्रत्यक्षात निर्माल्याच्या ढिगाशेजारी चार रोपं उगवतात आणि तिथेच संपतात. शेकडो वर्षं माणसाने मोठ्या, गच्च भरलेल्या फुलांसाठी त्याची निवड केली. त्या निवडीत राकट, आपलं आपण पाहून घेणारी रोपं मागे पडत गेली असणार. कॉसमॉसवर तेवढे संस्कार झालेले नाहीत. एकेरी पाकळीचं ते फूल अजून अर्धं रानटीच आहे.

बागेतली बहुतेक मंडळी याच कारणाने घरची राहतात. दुहेरी मोगऱ्याला बी धरत नाही, त्याची कलमं करावी लागतात. गुलाबाला डोळा भरावा लागतो. निशिगंध कंदावर चालतो. बोगनवेल गावोगाव कुंपणाला असूनही रानात पसरली नाही, कारण आपल्याकडे तिला क्वचितच बी येतं. माणसाने हात काढला की यांचा वंश खुंटतो.

मात्र बी नाही म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. कोकणातल्या रिसॉर्टांच्या बागांत आणि शहरातल्या दुभाजकांवर पिवळ्या फुलांचा, जमिनीलगत पसरणारा वेडेलिया सर्रास लावतात. त्याला बी कमीच येतं, पण खोडाच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. माळी छाटणी करतो, तुकडे ओढ्याकडेला फेकतो आणि जिथे फेकले तिथे नवी गादी तयार होते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केली, तिच्यात हा वेडेलिया आहे. टणटणी आहे, जलपर्णी आहे आणि कोकणातली रानमोडीही आहे. या चौघींचं भारतातलं किंवा इतर देशांतलं आगमन कुठे ना कुठे शोभेची वनस्पती म्हणूनच झालेलं आहे.

टणटणीपाशी जरा थांबायला हवं. घाणेरी म्हणा, टणटणी म्हणा, शास्त्रज्ञांची लँटाना कॅमारा. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली ही झुडपं सतराव्या शतकात युरोपच्या बागांत पोहोचली. तिथल्या माळ्यांनी एकमेकींशी संकर करून रंगांचे नवनवे प्रकार काढले आणि ते वसाहतींत पाठवले. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात ती १८०९च्या सुमारास आल्याचं सांगतात. साहेबांच्या बंगल्यांना रंगीत, काटेरी, गुरं न खाणारं कुंपण हवं होतं, ते मिळालं. म्हणजे आज आपल्या रानात जी दिसते ती मूळच्या कुठल्याच जंगलात तशी नव्हती. ती बागेतच घडली.

तिच्या फुलांचा गेंद पाहिलाय? मधली फुलं पिवळी, कडेची नारिंगी किंवा गुलाबी. हे दोन जातींचं मिश्रण नव्हे. फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं आणि परागण झाल्यावर रंग बदलतं. फुलपाखराला लांबूनच कळतं की मध कुठे आहे. जुनी फुलं मात्र गळत नाहीत, त्यामुळे गेंद मोठा दिसत राहतो आणि गिऱ्हाईक येत राहतं. दुकान कसं सजवावं हे हिच्याकडून शिकावं. मग काळी, चकचकीत फळं धरतात. गावाकडच्या पोरांनी ती पिकलेली फळं खाल्लेली असतात. बुलबुल तर त्यांवर जगतात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. गुरांनी मात्र पाला खाल्ला की यकृतावर परिणाम होतो, कातडी उन्हाने सोलवटते, कधी जनावर दगावतं. म्हणून गुरं तो टाळतात आणि झुडूप वाढत जातं.

किती वाढतं? निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, देशातल्या वाघांच्या अधिवासक्षेत्रापैकी ४० टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर भागात टणटणी घुसलेली आहे. महाराष्ट्राच्या निम्म्या क्षेत्रफळाइतका हा आकडा आहे. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणून हरणं शेताकडे वळतात आणि पुढची साखळी विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

तिला घालवायचे प्रयत्न शंभर वर्षं चालू आहेत. १९२१ मध्ये तिची फळं पोखरणारी माशी परदेशातून आणली. १९४१ मध्ये तिची पानं शोषणारा एक ढेकूण ऑस्ट्रेलियाहून मागवला. माशी आली, ढेकूणही आला, टणटणी हलली नाही. कापली तर बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात, जाळली तर पहिल्या पावसात परत हिरवी. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी सांगितलेली पद्धत त्यातल्या त्यात उपयोगी ठरली आहे. झुडूप वरून कापायचं नाही. जमिनीखाली दोन-तीन बोटं, फुटवे जिथून येतात त्या मानेच्या खाली मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून वाळत ठेवायचं. मग त्या जागी लगेच गवत पेरायचं, कारण रिकामी जमीन दिसली की बुलबुलाने आणलेलं बी पुन्हा हजर असतं. यंत्र नको, औषध नको, फक्त माणसं हवीत. आणि माणसांची मजुरीच द्यायला पैसे नसतात.

निलगिरी भागातले आदिवासी कारागीर टणटणीच्या फांद्यांपासून खऱ्या मापाचे हत्ती बनवतात. २०२१ मध्ये तो कळप लंडनच्या उद्यानांत उभा होता. त्या हातांना काम मिळालं ही मोठीच गोष्ट. पण फर्निचर आणि हत्ती करून टणटणी संपेल असं जे बोलतात, त्यांनी वरचा आकडा परत वाचावा.

परकं ते सगळं वाईट, असाही अर्थ काढू नका. मार्क विल्यमसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात एक ढोबळ ठोकताळा मांडला. बाहेरून आणलेल्या दहा जातींपैकी साधारण एक कुंपणाबाहेर पडते, अशा दहांपैकी एक तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि टिकलेल्या दहांपैकी एक उपद्रवी ठरते. आकड्यांवर पुढे बराच वाद झाला, पण चाळणी अशीच चालते. गुलबक्षीच पाहा. पेरूहून आलेली ही बाई पडक्या वाड्यांच्या भिंतीशी, उकिरड्याच्या कडेला दिसते, दुपार कलल्यावर फुलते आणि गाव सोडून फारशी जात नाही. तिच्या चट्टेरी पानांवरून कार्ल कोरेन्सने १९०९ मध्ये दाखवलं की काही गुण फक्त आईकडूनच उतरतात. मादागास्करची सदाफुली कोकणात समुद्राकाठच्या वाळूत सुखाने उगवते. रक्ताच्या कर्करोगावरचं विन्क्रिस्टीन तिच्यातून निघतं. तिचा त्रास नाही. बेशरम मात्र तळ्यांच्या आणि कालव्यांच्या काठांवर दाटीने माजते. विदर्भात रस्त्यातल्या खड्ड्यात तिचं झाड लावून अधिकाऱ्यांचा निषेध करतात, तेवढाच तिचा सार्वजनिक उपयोग.

अडचण अशी, की कोणती जात उपद्रवी निघणार हे लवकर कळत नाही. जर्मनीत बर्लिनभोवतीच्या ब्रांडेनबुर्गमध्ये इंगो कोवारिक यांनी बाहेरून आणलेल्या झाडाझुडपांच्या जुन्या नोंदी तपासल्या. लागवड आणि आपोआप पसरायला सुरुवात, यांत सरासरी १४७ वर्षांचं अंतर निघालं. लावणारा, त्याची मुलं आणि नातवंडं, कोणालाच संशय येत नाही. वर्षायू फुलांचा हिशेब याहून बराच लवकर होतो, पण ‘आमच्याकडे वीस वर्षं आहे, कधी पसरलं नाही’ हा पुरावा होत नाही.

म्हणून नर्सरीतली भाषा जरा कान देऊन ऐकायला हवी. ‘पाणी नाही घातलं तरी चालतं. कुठल्याही मातीत येतं. गुरं खात नाहीत. वर्षभर फुलं. एकदा लावलं की आपोआप होत राहतं.’ यातलं एकेक वाक्य म्हणजे उत्तम तणाचं वर्णन आहे. विकणारा खोटं बोलत नसतो. जे गुण ऐकून आपण रोप घेतो, त्याच गुणांवर ते पुढे टेकडी घेतं.

मला यात सर्वांत जास्त राग येतो तो पावसाळ्याच्या तोंडावर टेकडीवर ‘रंगीत फुलांचं बी’ टाकत फिरणाऱ्या उत्साहाचा. बीजगोळे करायचेच असतील तर त्यांत काय भरलंय ते आधी विचारा. टेकडी ओसाड दिसते म्हणून ती रिकामी नसते. गवताळ माळ हा उन्हाळ्यात तसाच दिसतो.

घरी कॉसमॉस असेल तर लगेच उपटायची गरज नाही. बोंडं काळी पडण्याआधी खुडून टाका. वेडेलियाची छाटणी ओढ्यात न फेकता उन्हात पूर्ण वाळू द्या. टेकडीवर कॉसमॉस काढायला गट जमवणार असाल तर आधी वनखात्याला विचारा आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, बी धरायच्या आत जा. जाण्याआधी ओळख पक्की करा. सोनकीही पिवळीच असते, पण तिची पानं अखंड आणि कडेला दातेरी असतात, तर कॉसमॉसची पानं खोलवर चिरलेली. गेल्यावर चुकून सोनकी उपटून आलात तर न गेलेलं बरं.

पुढच्या आठवड्यात जलपर्णी. तिच्यासाठी बंगालमध्ये १९३६ साली चक्क कायदा करावा लागला होता.