गिटार ऐकताना (११) : हेंड्रिक्स पुढच्या आठवड्यात

उलट्या टेपवरची अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची गिटार आज उलगडून सांगायची ठरली होती. ती आता पुढच्या रविवारी. मध्येच वाटूर फाट्यावरून बँजो पार्टीत वाजवणाऱ्या एका वाचकाचा निरोप आला : ‘‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे हेंड्रिक्सच्या ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’च्या सोलोचे चारही तुकडे वेगळे करून ऐकले. पण असलं काही आपल्याकडे कुणी वाजवलंय का?’’

वाजवलंय की! फक्त ते ऐकण्याआधी परदेशातल्या आणि मुंबईतल्या स्टुडिओंतला फरक ध्यानात घ्यायला हवा.

हेंड्रिक्सनं ‘वॉचटॉवर’ जानेवारी १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत चार ट्रॅकच्या टेपवर सुरू केलं आणि पुढं न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये जास्त ट्रॅकच्या मशीनवर नेलं. एक तुकडा वाजवायचा, ऐकायचा, नाही पटला तर पुसून पुन्हा वाजवायचा. स्लाइडचा तुकडा संपतो न संपतो तोच वा-वा पेडलचा सुरू होतो, तो या सोयीमुळं. तिथं टेप म्हणजे पाटीच होती.

मुंबईत त्या काळी गायिका, व्हायोलिनवाले, तालवाद्यं आणि गिटार असे सगळे एकाच वेळी वाजवायचे. रेकॉर्डिस्ट तिथल्या तिथं आवाजांचा तोल सांभाळायचा. शेवटच्या कडव्यात कुणाचं बोट घसरलं, तरी टेक पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं जे काही करून बघायचं ते रिहर्सलमध्ये.

या शिस्तीतून आलेली गिटार ऐकायची असेल तर १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधलं ‘दम मारो दम’ लावा. संगीत पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मन यांचं; गिटार भूपिंदर सिंग यांची. हो, गझल गाणारे तेच. अमृतसरचा हा माणूस दिल्ली आकाशवाणीवर गिटार वाजवायचा. मदनमोहननी त्यांना मुंबईला आणलं आणि ‘हकीकत’मध्ये (१९६४) गाऊन घेतलं. पुढं गायक म्हणून नाव झालं आणि गिटारवादक मागं राहिला.

आता नुसती सुरुवात ऐका. गिटारमागे जो भरलेला, न हलणारा आवाज आहे तो ट्रान्झिकॉर्डचा. गळ्यात अडकवायचं हे इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन चरणजीत सिंग यांनी वाजवलंय. (याच चरणजीतनी १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून एक रेकॉर्ड काढली. कित्येक वर्षांनी ती परदेशात लोकांच्या हाती लागली आणि ॲसिड हाउस संगीताची पूर्वज म्हणून गाजली. हा विषय एका लेखात मावणार नाही, हात आवरतो.)

मागचा सूर हलत नसल्यानं कान गिटारवरच राहतो. आणि भूपिंदर घाई करत नाहीत. एक सूर लावतात, तो घुमू देतात, मग पुढचा. बँजोवाल्या मित्रा, हे तुम्हाला लगेच पटेल. ॲम्प्लिफायरवरचं ‘इको’चं बटण पूर्ण फिरवून जलद वाजवा, सगळे सूर एकमेकांत कालवले जातात. तेच बटण तसंच ठेवून सूर मोजके लावा. प्रत्येकाला आपापली शेपूट मिळते. घुमणारा आवाज हवा असेल तर सूर कमी करावे लागतात.

म्हणून या दोघांची वेगावरून तुलना करू नका. हेंड्रिक्सनं सोलोची काटछाट टेपवर केली, भूपिंदरना ती टेक सुरू होण्याआधीच करून बसावं लागलं. तिथं उरलेले सूर निवडून ठेवलेले आहेत, इथं मुळात वाजवलेच तेवढे.

या आठवड्याचा अभ्यास : ‘दम मारो दम’ मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून ऐका. आशा भोसलेंचा आवाज सुरू झाल्यावर गिटार कुठं थांबते, कुठं परत डोकावते, ते कागदावर टिपून ठेवा. पुढच्या रविवारी हेंड्रिक्सची टेप उलटी फिरवताना तो कागद लागणार आहे.