कुर्डी आणि ४० मीटरची रेषा

सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले. पाणी कोठवर चढणार, हे स्थलनिर्देशक नकाशावर आधीच वाचता येण्याजोगे होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि तपकिरी समोच्च रेषा दर २० मीटरांच्या अंतराने. समोच्च रेषा समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची स्थळे जोडते. साचलेल्या पाण्याचा काठही सर्वत्र एकाच उंचीवर असतो. साळावलीची पूर्ण जलपातळी सुमारे ४१ मीटर असल्याने जलाशयाचा वेडावाकडा काठ ४० मीटरच्या रेषेला जवळजवळ चिकटूनच फिरतो. ओढ्यांच्या खोऱ्यांत ही रेषा आत वळते, तेथे पाणीही आत शिरले.

या रेषेखालची पिवळ्या रंगातील शेतजमीन नव्या नकाशात निळी झाली. निळ्या रंगावर बांध, पायवाटा उमटत नाहीत. मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव होते, हेही नकाशा सांगत नाही. कदंबकालीन महादेव मंदिर दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले, सोमेश्वर मात्र जागीच राहिला. मे महिन्यात पाणी ओसरले, की घरांची जोती व जुन्या वाटा उघड्या पडतात आणि पुनर्वसित कुर्डीकर त्या वाटांनी सोमेश्वराच्या दर्शनाला येतात.