'एजॅक्स'ची 'दिल्ली' होताना

वाचनालयाच्या दाराशी असलेल्या काचेच्या कपाटात अठ्ठावीस सेंटिमीटर लांबीची एक करडी युद्धनौका ठेवलेली आहे. स्नेहमेळाव्यासाठी येणारे माजी विद्यार्थी तिच्यापाशी हमखास थांबतात आणि समुद्रापासून इतक्या दूरच्या शाळेत ही नौका कशासाठी, असे विचारतात. स्मरणिकेच्या निमित्ताने तिची हकीकत सांगावी, आणि प्लास्टिकच्या तयार संचातील एका जहाजाचे त्याच्या भगिनी-नौकेत रूपांतर कसे करतात हेही समजावून द्यावे, असे आम्ही ठरवले. आम्ही म्हणजे हस्तकलेच्या तासाला जमणारे दोन शिक्षक आणि तेव्हाचे नववीचे सहा विद्यार्थी.

नाशिकला समुद्र नाही हे खरेच. गोदावरीही येथून पाठ फिरवून पूर्वेला जाते. तरी नावेशी या गावाचा संबंध जुना आहे. त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात त्याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य तरी ठेवल्याची नोंद आहे. वर्षावासातील सहलीत ती ओळ विद्यार्थ्यांना दाखवताना आम्हाला नेहमी त्या अनाम नावाड्यांची आठवण होते. असो.

वार्षिक प्रदर्शनासाठी आम्ही एक संच जोडला होता. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचा, १:६०० प्रमाणाचा, 'एचएमएस एजॅक्स' या क्रूझरचा. भारतीय नौदलाची 'आयएनएस दिल्ली' ही याच वर्गातील, हे कुठेतरी वाचलेले होते. म्हणून संच जसाच्या तसा जोडला, वर तिरंगा लावला आणि खाली पाटी ठेवली : 'आयएनएस दिल्ली'. प्रदर्शनाला एका विद्यार्थ्याचे आजोबा आले. ते नौदलात स्टोकर होते आणि १९६१ च्या डिसेंबरात 'दिल्ली'च्या बॉयलरपाशी होते. पाटी वाचून त्यांचा चेहरा उजळला. मग ते वाकले, मागच्या बाजूच्या तोफा बोटाने मोजल्या आणि शांतपणे म्हणाले, "पोरांनो, ही माझी नाही. हिची बहीण असेल."

मुले ओशाळली, आम्ही त्यांच्याहून अधिक. पाटी त्याच संध्याकाळी काढली. 'एजॅक्स' असे नवे नाव लिहिले असते तर प्रकरण तेथेच मिटले असते. परंतु आजोबांनी निघताना विचारले, "माझी करता येईल का?" या प्रश्नाने आमचे पुढचे सात महिने घेतले.

आधी भगिनी-नौका म्हणजे काय ते पाहू. एकाच आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांना नौदलात एका वर्गातील बहिणी म्हणतात. लिअँडर वर्गात अशा पाच होत्या : लिअँडर, नेपच्यून, ओरायन, अकिलीज आणि एजॅक्स. चार वेगवेगळ्या गोद्यांत बांधलेल्या या पाचही नौकांची लांबी सुमारे १६९ मीटर, रुंदी १७ मीटर, मध्यभागी एकच रुंद धुराडे आणि दोन-दोन तोफांची चार फिरती चिलखती तोफघरे. या तोफघरांना टरेट म्हणतात. नाळेकडून मोजत गेल्यास त्यांची नावे ए, बी, एक्स आणि वाय अशी येतात. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेतील प्लेट नदीच्या मुखाबाहेर एक्झेटर, एजॅक्स आणि अकिलीज या तिघींनी 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी झुंज दिली. तेव्हा सेनानी हारवुड एजॅक्सवर होते, त्यामुळे कीर्ती तिला अधिक मिळाली. संच बनवणाऱ्या कंपन्या कीर्तीच्या मागे जातात. म्हणून बाजारात एजॅक्स मिळते, आणि अकिलीज हवी असणाऱ्याला हाती कानस घ्यावी लागते.

ही अकिलीजच पुढे आपली 'दिल्ली' झाली. १९३२ साली ब्रिटनमधील बर्कनहेड येथे तिचे जलावतरण झाले. प्लेटच्या लढाईत ती न्यूझीलंडच्या पथकात होती. ५ जुलै १९४८ रोजी ती भारताच्या नौदलात दाखल झाली आणि दीर्घकाळ आपल्या ताफ्याची ध्वजनौका राहिली. १९५० साली पंडित नेहरू तिच्यावरूनच इंडोनेशियाला गेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी तिने दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. आमचे आजोबा त्या वेळी खाली उष्णतेत उभे होते. त्यांना आवाज ऐकू आला, दिसले काहीच नाही.

आता मुख्य मुद्दा. रूपांतर करणाऱ्याने 'कोणते जहाज?' एवढेच विचारून भागत नाही, 'कोणत्या दिवशीचे जहाज?' हेही विचारावे लागते. आमची पहिली चूक नावाची वाटली तरी खरी चूक तारखेची होती. १९३९ च्या अकिलीजलाही चारच टरेट होती, म्हणजे आमचा नमुना त्या वर्षासाठी बराचसा बरोबर ठरला असता. ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी विमानाचा बॉम्ब तिच्या एक्स टरेटवर पडला. पोर्ट्समथ येथे दुरुस्ती झाली तेव्हा ते टरेट परत बसवलेच नाही. त्या जागी चार नळ्यांची 'पोम-पोम' ही विमानविरोधी तोफ आली. भारतात आली ती सहा मोठ्या तोफांची नौका. आजोबांनी मोजली ती हीच उणीव.

१९५६ च्या 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' या इंग्रजी चित्रपटात अकिलीजची भूमिका स्वतः 'दिल्ली'नेच केली आहे. स्वतःचीच भूमिका, पण एक टरेट कमी. एजॅक्सचे काम मात्र 'शेफील्ड' या दुसऱ्याच वर्गातील नौकेने केले, कारण खरी एजॅक्स १९४९ मध्येच मोडीत निघाली होती. म्हणून केवळ चित्रपट पाहून १९३९ चा नमुना करू नये, हा इशारा ओघात देऊन ठेवतो.

कामाला लागण्यापूर्वी आम्ही छायाचित्रे जमवली आणि त्यांतून मापे काढली. रीत सोपी आहे. जहाज अगदी बाजूने टिपलेले छायाचित्र घ्यावे. त्यात जहाजाची लांबी २१ सेंटिमीटर भरली आणि नमुन्याची २८.२ असेल, तर छायाचित्रातील प्रत्येक मापाला १.३४ ने गुणावे. तिरपे छायाचित्र या कामाला निरुपयोगी, कारण दूरची वस्तू आखूड दिसते. गणिताच्या तासाला त्रैराशिकाला कंटाळणारी मुले येथे मात्र दशांशासाठी भांडत होती.

प्रमाणाचे भान हा या छंदातील सर्वांत कठीण भाग. १:६०० मध्ये खरा एक मीटर म्हणजे नमुन्यावर जेमतेम १.६७ मिलिमीटर. पाव मिलिमीटर जाडीचा शिवणाचा दोरा डोलकाठीला बांधला की तो पंधरा सेंटिमीटर जाडीचा दोरखंड होतो. रंगाचा एक जाड हात दिला तर बारीक कठडे त्यात बुडून जातात. म्हणून आम्ही दोऱ्याऐवजी प्लास्टिकच्या तारा ओढल्या. संचातील भाग ज्या चौकटीला चिकटलेले येतात, तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, मऊ होईपर्यंत फिरवायचा, बाजूला घ्यायचा आणि दोन्ही टोके सावकाश ओढायची. केसासारखी तार निघते. घाईने ओढली की तुटते. पहिल्या दिवशी आमच्या तीसेक तुटल्या असतील.

खरी कसोटी एक्स टरेटची होती. प्लास्टिकचा गोंद कागदाच्या गोंदासारखा नसतो. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, त्यामुळे जोडलेले उकलत नाही, कापावेच लागते. टरेट आणि त्याखालचा गोल चौथरा बारीक करवतीने कापताना आमच्याकडून डेक तडकला. दोष करवतीचा नव्हता, आमच्या उतावळेपणाचा होता. तडा रंगाऱ्याकडील लांबीने भरला, दोन दिवस वाळू दिला आणि ओल्या पॉलिश पेपरने घासला. त्यावर प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा नवा मंच कापून बसवला. पोम-पोमच्या चार नळ्यांना सुई जाड पडली, तेव्हा ओढलेली तारच कामी आली. सोबत विमान, ते उडवणारे कॅटापल्ट आणि विमान उचलणारी यारीही काढली, कारण ही सामग्री 'दिल्ली'वर नव्हती.

डोलकाठ्यांनी मुलांना सर्वांत जास्त रडवले. संचात साध्या एकेरी काठ्या होत्या, युद्धकाळातील दुरुस्तीत तिच्यावर तीन पायांच्या काठ्या आल्या. पितळी तारेचे तीन पाय एकाच बिंदूत आणि योग्य कोनात मिळवणे हाताने शक्य होईना. शेवटी एका विद्यार्थिनीने तोडगा काढला. छायाचित्र नमुन्याच्या मापात छापून थर्माकोलवर चिकटवले, टाचण्यांनी पाय जागेवर धरले आणि मग गोंदाचा थेंब सोडला. आमच्यापैकी कोणा शिक्षकाला हे सुचले नव्हते.

चार इंची तोफांच्या बाबतीत मात्र नशिबाने साथ दिली. प्लेटच्या लढाईत अकिलीजवर त्या एकेरी होत्या, एजॅक्सवर जोडीच्या. पुढे अकिलीजवरही जोडीच्या आल्या. म्हणजे १९३९ ची अकिलीज करणाऱ्याला जेथे बदल करावा लागला असता, तेथे 'दिल्ली' करणाऱ्या आम्हाला काहीच करावे लागले नाही. बाकी लहान तोफांविषयी आम्ही एक नियम पाळला : छायाचित्रात स्पष्ट दिसले तेवढेच लावायचे. दिसले नाही तेथे जागा रिकामी सोडली. रिकामी जागा पुढे भरता येते, कल्पनेने लावलेली तोफ पाहणाऱ्याला फसवते.

मधल्या काळात आजोबांना दोनदा बोलावले. डोलकाठी कशी होती, धुराड्याच्या मागे काय होते, असे मुले विचारत राहिली. ते हसून म्हणाले, "बाळांनो, आम्ही खालची माणसं. जहाज बाहेरून कसं दिसतं ते मुंबईला बोटीतून परतताना दिसायचं, तेही अंधारात." त्यांना आठवत होते ते मागच्या डेकवरचे मोकळे वारे आणि पाळी संपल्यावर तेथे टेकलेली पाठ. तोफांची संख्या त्यांनी कशी ओळखली, ते आम्हाला तेव्हा कळले.

ध्वजही बदलला. प्रदर्शनात आम्ही नुसता तिरंगा लावला होता. १९६१ मध्ये नौदलाचा ध्वज पांढरा, त्यावर लाल क्रूस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा असा होता. अलीकडचा, सप्टेंबर २०२२ नंतरचा ध्वज त्या काळातील नौकेवर चालणार नाही.

ज्यांना असा प्रयोग घरी करावयाचा असेल त्यांना एक सूचना. 'लिअँडर' या नावाचा संच दिसला तर पेटीवरील चित्र नीट पाहावे. त्याच नावाच्या, पुढील काळातील फ्रिगेटचाही संच निघालेला आहे. तो चुकून आणला तरी वाया जाणार नाही. त्या फ्रिगेटच्या आराखड्यावरून मुंबईच्या माझगाव गोदीत सहा नौका बांधल्या गेल्या, पहिली 'नीलगिरी' ३ जून १९७२ रोजी नौदलात आली. त्यांतील शेवटच्या दोघी, 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी', मोठ्या हेलिकॉप्टरसाठी मागच्या बाजूने इतक्या बदलल्या होत्या की नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. यंदाच्या नववीने 'नीलगिरी' हाती घेतली आहे.

'दिल्ली' ३० जून १९७८ रोजी सेवेतून निवृत्त झाली. पाच बहिणींत ती शेवटची. नेपच्यून १९४१ मध्ये त्रिपोलीजवळ सुरुंगांत सापडून बुडाली तेव्हा तिच्यावरील केवळ एक जण वाचला होता. उरलेल्या तिघी १९५० पर्यंत मोडीत निघाल्या. 'दिल्ली'चे वाय टरेट भारताने न्यूझीलंडला भेट दिले, ते ऑकलंडमधील नौदल तळावर ठेवण्यात आले.

पुढच्या प्रदर्शनात आजोबांनी पुन्हा मागून मोजणी केली, एकच जोडी. त्यांनी खिशातून चष्मा काढून पाटी दोनदा वाचली : 'आयएनएस दिल्ली, डिसेंबर १९६१'. तारीख लिहिण्याचा आग्रह मुलांचा होता. कापून काढलेले एक्स टरेट काड्यापेटीत घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले आहे. कोणाला पाहावयाचे असल्यास ग्रंथपालांकडे किल्ली मिळेल.